मद्रास हॉटेलचा थांबा

दिल्लीच्या कॅनॉट सर्कसच्या बाहेरच्या वर्तुळावर बस वळली, की कंडक्टर ‘मद्रास हॉटेल’ अशी आरोळी देई आणि बसमधील कितीतरी माणसे उतरण्याच्या तयारीला लागत. कुणाला हनुमान मंदिराकडे जावयाचे असे, कुणाला गोल मार्केटकडे, तर कुणाला शिवाजी स्टेडियमपाशी दुसरी बस धरावयाची असे. त्यांच्यापैकी मद्रास हॉटेलात जाणारा एखादाच असे. पुढे पुढे तर तसा एकही उरला नाही, कारण हॉटेलच उरले नव्हते. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची दारे बंद झाली, तव्यावरचा शेवटचा डोसा उतरला. परंतु थांब्याचे नाव काही हलले नाही. त्यानंतरही वर्षानुवर्षे माणसे नसलेल्या हॉटेलापाशी उतरत होती आणि त्यात कुणालाच काही नवल वाटत नव्हते.

राजधानीच्या शहरांना नावे बदलण्याची हौस फार. दिल्लीत क्वीन्सवेचा जनपथ झाला, किंग्जवेचा राजपथ झाला आणि त्या राजपथाचा २०२२ साली कर्तव्यपथ झाला. खुद्द कॅनॉट प्लेसला राजीव चौक हे नाव १९९५ साली मिळाले. ही सारी नावे ठरावाने दिलेली, पाट्यांवर रंगविलेली. मद्रास हॉटेलच्या थांब्याचे नाव मात्र ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी आपोआप रुळले. राजांची आणि पुढाऱ्यांची नावे बदलली तरी इडली-सांबाराच्या एका दुकानाचे नाव लोकांनी सोडले नाही, याचा अर्थ काय? एखादे उपाहारगृह शहराच्या मनात एवढे खोल का जाऊन बसते, आणि ते गेल्यावर नेमके काय जाते? दिल्लीपुरते या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर आधी दिल्लीत राहावयास कोण आले हे पाहिले पाहिजे.

१९११ सालच्या डिसेंबरात, दिल्ली दरबारात, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. सरकारापाठोपाठ सरकारचे कारकून आले. बंगाली आले, मद्रास इलाख्यातील लघुलेखक आणि हिशेबनीस आले. उन्हाळा सिमल्यास आणि हिवाळा दिल्लीस, अशी अर्धी अर्धी वर्षे काढीत त्यांनी नोकऱ्या केल्या. मग १९४७ साल उजाडले आणि फाळणीच्या वणव्यातून सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात आले. त्याच वेळी दिल्लीचे लाखो मुसलमान रहिवासी घरेदारे सोडून गेले. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती; १९५१ साली ती सतरा लाखांवर गेली. एवढ्या थोड्या काळात शहराची माणसेच बदलली असे म्हटले, तरी त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

मराठी माणूसही याच ओघात आला. स्वातंत्र्यानंतर काकासाहेब गाडगीळ आणि चिंतामणराव देशमुख यांच्यासारखे मंत्री दिल्लीत होते, संसदेत महाराष्ट्राचे सभासद होते. परंतु त्यांच्याहून कितीतरी अधिक होते ते पंजाब मेलने येऊन उतरणारे साधे नोकरदार. पहाडगंजात नूतन मराठी शाळा उभी राहिली, बृहन्महाराष्ट्र भवन उभे राहिले. गणेशोत्सवात तेथे मराठी माणसे भेटत. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र राहिलाच.

पुण्याच्या वाड्यातील माणसाला ओटा असतो, खेड्यातील माणसाला पार असतो, चावडी असते. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांचा संसार असला तरी पुढे लांबलचक गॅलरी असते. घरात जागा नसली, तरी माणसांत बसावयास जागा असते. दिल्लीत नव्याने आलेल्या एकट्या माणसाला यांतले काहीच नव्हते. त्याला सरकारी क्वार्टरमधील एखादी खोली मिळे, नाहीतर कुणाच्या घराच्या गच्चीवरील खोली, जिला दिल्लीकर बरसाती म्हणतात. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापे, हिवाळ्यात गारठून जाई. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर अशा खोलीवर लगेच परतण्याची कुणाला घाई असणार? ज्याला ओटा नव्हता त्याने हॉटेलातील टेबलाला ओटा मानले. दिल्लीच्या जुन्या उपाहारगृहांच्या साऱ्या आठवणी या एका गरजेतून उगवल्या आहेत.

आरंभीची उपाहारगृहे मात्र या माणसासाठी नव्हती. रॉबर्ट टॉर रसेल याच्या आराखड्याप्रमाणे पांढऱ्या खांबांचे कॅनॉट प्लेस १९२९ नंतरच्या चार-पाच वर्षांत उभे राहिले. वेंगर या स्विस दांपत्याने १९२६ साली दिल्लीत सुरू केलेला व्यवसाय लवकरच तेथील कमानींखाली आला. खाली केक-पेस्ट्रीची सजविलेली काचेची कपाटे आणि वर साहेबलोकांचे नृत्यगृह, असा त्याचा थाट होता. शेजारच्या रीगल इमारतीत डाव्हिको नावाचे उपाहारगृह होते. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, पियानोचे सूर आणि दुपारच्या चहाबरोबर नाच, अशी ती दुनिया होती. त्या दुनियेच्या खिडकीतून येणारे दिवे रस्त्यावरून जाणाऱ्या हिंदी कारकुनाने पाहावेत, फार तर पगाराच्या दिवशी एखादी पेस्ट्री कागदात बांधून न्यावी, एवढाच त्याचा आणि त्या वैभवाचा संबंध. पुढे डाव्हिको गेले आणि त्याच्या जागी ‘स्टँडर्ड’ आले. यथाकाल ‘स्टँडर्ड’ही गेले. वेंगर्सची मालकी १९४५ साली हिंदी हातांत आली. वरचे नृत्यगृह गेले, पण केक-पेस्ट्रीचे दुकान टिकले.

दुसऱ्या महायुद्धाने या बंद दुनियेची कडी थोडी सैल केली. अमेरिकन सैनिक दिल्लीत आले आणि त्यांना आइस्क्रीम हवे होते. पिशोरीलाल लांबा आणि इक्बाल घई या दोघांनी १९४० साली ‘क्वालिटी’ सुरू केले ते या आइस्क्रीमच्या जोरावर. युद्ध संपले, सैनिक गेले. क्वालिटी राहिले आणि हळूहळू त्याची ख्याती आइस्क्रीमपेक्षा छोले-भटुऱ्यांसाठी अधिक झाली. परक्या सैनिकांसाठी मांडलेल्या टेबलांवर पंजाबी घरांतील पदार्थ येऊन बसला, हा बदल लहान नव्हे. राज्य बदलल्याची वार्ता वर्तमानपत्रांनी दिली. कॅनॉट प्लेसमधील भोजनपत्रिका तीच वार्ता आपल्या परीने देत होती.

परंतु दिल्लीची जीभ खऱ्या अर्थाने बदलली ती दर्यागंजात. पेशावरच्या गोरा बाजारात मोखासिंग यांचे ‘मोती महल’ नावाचे एक लहानसे दुकान होते. तेथे काम केलेले कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी आणि ठाकूरदास मागो हे फाळणीत सारे मागे टाकून दिल्लीस आले आणि १९४७ साली त्यांनी दर्यागंजात त्याच नावाचे उपाहारगृह उघडले. निर्वासिताच्या गाठोड्यात काय असते? घराच्या किल्ल्या असतात, ज्या पुन्हा कधी लागावयाच्या नसतात. कागदपत्रे असतात, ज्यांना कुणी विचारीत नाही. या तिघांच्या गाठोड्यात हाताचे कसब होते. जमिनीत पुरलेला तंदूर, दही-मसाल्यात मुरविलेली कोंबडी, आणि शिजून कोरडे पडू लागलेले मांस टोमॅटो, लोणी व साय यांच्या रसात पुन्हा मऊ करण्याची युक्ती, एवढ्या भांडवलावर त्यांनी नवे घर मांडले. मोकळ्या अंगणात टेबले, रात्री कव्वाली, आणि शेजारच्या टेबलावर कधी एखादा मंत्री, तर कधी परदेशी पाहुणा. पंडित नेहरूंच्या मेजवान्यांना येथील पदार्थ जात. आज तंदूर आणि ‘बटर चिकन’ हे शब्द लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत ओळखीचे आहेत. पेशावर कुणाला परत मिळाले नाही. पेशावरची चव मात्र साऱ्या जगाला मिळाली.

या चवीचा एक अलीकडचा अध्याय विचार करावयास लावणारा आहे. २०२४ च्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयात एक दावा दाखल झाला. ‘बटर चिकन’ आणि ‘दाल मखनी’ या पदार्थांचा शोध नेमका कुणाचा, हा त्यातील वाद. एका बाजूस गुजराल यांचे वारस, दुसऱ्या बाजूस जग्गी यांचे. ज्यांनी एका चुलीभोवती उभे राहून परागंदेपणाची पहिली वर्षे काढली, त्यांची पुढची पिढी एका वाटीच्या मालकीसाठी समोरासमोर उभी राहिली. न्यायालय कायद्याप्रमाणे काय ते ठरवील. परंतु त्या अंगणात जेवून गेलेल्या हजारो माणसांच्या आठवणींत मालकीचा प्रश्न कधीच नव्हता. एखाद्या चवीत स्वयंपाक्याचा हात असतो तसा भुकेल्याचाही वाटा असतो, आणि त्या वाट्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

चव कोठेही नेता येते, पण बैठक नेता येत नाही. दिल्लीच्या गेलेल्या उपाहारगृहांत ज्याची चुटपुट सर्वांत अधिक लागून राहिली आहे, त्या कॉफी हाउसकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. तेथील कॉफी काही अमृत नव्हती. तिच्या चवीबद्दल नियमित येणारेही कुरकुर करीत. तरीही ते रोज येत.

या कॉफी हाउसची हकीगत मुळात मुंबईत सुरू होते. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी छत्राखाली ‘इंडिया कॉफी हाउस’ ही उपाहारगृहे उघडण्यात आली आणि त्यांतील पहिले १९३६ साली चर्चगेटला निघाले. पुढे अनेक शहरांत ती पसरली. जेथे गोऱ्यांच्या क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद होती, तेथे एका पेल्याच्या किमतीत खुर्ची मिळू लागली. पांढरा पोशाख, कमरेला पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा, हा तेथील वाढप्यांचा वेष देशभर ओळखीचा झाला. मग १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने ही उपाहारगृहे बंद करण्याचे ठरविले आणि शेकडो वाढपी नि स्वयंपाकी बेकार होण्याची वेळ आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ च्या ऑगस्टात बंगलोरला पहिली संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दिल्लीत ‘इंडियन कॉफी हाउस’ उघडले. काल जो हातात ताट घेऊन उभा होता, तोच आज गल्ल्याचा वाटेकरी झाला. सहकाराची चळवळ महाराष्ट्राने साखर कारखान्यांतून पाहिली. दिल्लीने ती कॉफीच्या पेल्यातून पाहिली.

कॅनॉट प्लेसच्या मध्यावर, आज जेथे पालिका बाजार आहे तेथे, हे कॉफी हाउस भरे. ‘भरे’ हाच शब्द त्याला शोभतो, कारण ते एखाद्या बाजारासारखे किंवा सभेसारखे भरत असे. राममनोहर लोहिया येत आणि त्यांच्याभोवती तरुणांचे कोंडाळे जमे. ज्येष्ठ हिंदी लेखक विष्णू प्रभाकर अजमेरी दरवाजाकडील आपल्या घरातून पायी येत आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या मंडळींत बसत. शरच्चंद्रांचे ‘आवारा मसीहा’ हे चरित्र लिहिणारा हा गृहस्थ नवख्या लेखकालाही आपल्या टेबलाशी बोलावी. जवळच रीगलच्या बाजूला ‘टी हाउस’ होते. मोहन राकेश, कमलेश्वर, राजेंद्र यादव हे नव्या हिंदी कथेचे अध्वर्यू तेथे वाद घालीत. ज्या मोहन राकेशांच्या नाटकांची ओळख पुढे मराठी रंगभूमीलाही झाली, त्यांच्या पिढीची वाङ्मयीन शाळा या दोन ठिकाणी भरली. टी हाउस गेले. त्याच्या आठवणींचा एक स्वतंत्र ग्रंथ हिंदीत निघाला. चहाच्या दुकानावर ग्रंथ निघावा, यातच त्याची थोरवी आली.

एका पेल्यावर तीन तास बसणारे हे गिऱ्हाईक व्यापाराच्या दृष्टीने तोट्याचेच. परंतु कॉफी हाउसच्या वाढप्यांना ठाऊक होते, की ही माणसे कॉफीसाठी येत नाहीत. पत्रकार बातमी घेऊन येई, कारकून कचेरीतील गुपित घेऊन येई, बेकार पदवीधर आपली बेकारी घेऊन येई. मोठ्याने बोलण्याची तेथे मुभा होती आणि ऐकणारेही असत. अशा जागेची धास्ती सत्तेला कधी ना कधी वाटतेच.

१९७५ च्या जूनमध्ये देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले, पुढारी तुरुंगात गेले. कॉफीची टेबले मात्र बोलतच होती. आणीबाणीच्या त्या काळातच, १९७६ साली, हे कॉफी हाउस जमीनदोस्त करण्यात आले. शहर सुंदर करावयाचे हे त्या दिवसांतील पाडापाडीचे सर्वसाधारण कारण. तेथे बसणाऱ्यांच्या आठवणी मात्र एकमुखाने सांगतात, की ही बोलणारी टेबले सत्तेला नकोशी झाली होती. त्या जागी पुढे जमिनीखालील वातानुकूलित बाजार झाला. वर हिरवळ आली, खाली दुकाने आली. कॉफी हाउस मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर, गच्चीच्या आश्रयाने चालत राहिले आणि विष्णू प्रभाकरांसारखे निष्ठावंत जिने चढून तेथे जात राहिले. परंतु रस्त्यावरच्या माणसाने सहज आत डोकवावे आणि ओळखीचा चेहरा दिसला म्हणून बसावे, हे आता उरले नाही. जिना चढून जाणारा ठरवून जातो. ओट्यावर मात्र माणूस न ठरविता टेकतो.

याच काळात कॅनॉट प्लेसचे एक निराळे रूपही फुलले होते. लांबा आणि घई यांनी १९५२ साली ‘गेलॉर्ड’ उघडले. ‘व्होल्गा’, ‘आल्प्स’, ‘लगुना’ अशी नावे रात्री विजेच्या अक्षरांत झळकू लागली. संध्याकाळी वाद्यवृंद वाजे, सुटीच्या दिवशी कॉलेजच्या मुलामुलींसाठी नाचगाण्याच्या मैफली होत. अशा वाद्यवृंदांतून देशभर गोमंतकीय वादकांची मोठी संख्या असे. चर्चच्या शाळेत सुरांची अक्षरे शिकलेला एखादा गोवेकर घरापासून दूर, अनोळखी माणसांच्या जेवणापुढे सॅक्सोफोन वाजवी. त्याचे नाव पत्रिकेवर छापले जात नसे. त्या तालावर ज्यांच्या पहिल्या भेटी झाल्या आणि पुढे लग्ने झाली, अशी जोडपी आज नातवंडांना त्या संध्याकाळच्या गोष्टी सांगतात. वाजविणारा कोण होता, हे त्यांनाही ठाऊक नसते.

मध्यमवर्गीय कुटुंबाची दिल्ली याहून साधी होती. निरूला बंधू लाहोरहून आले आणि १९३४ साली त्यांनी कॅनॉट प्लेसमध्ये बारा खोल्यांचे हॉटेल काढले. १९५० साली त्यांनी चिनी पद्धतीचे भोजनगृह उघडले आणि १९७७ साली उभ्या उभ्या झटपट खाण्याचे ते दुकान काढले, ज्याने दिल्लीच्या दोन पिढ्यांना बर्गर आणि गरम चॉकलेट ओतलेले आइस्क्रीम शिकविले. परीक्षेत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलांना तेथे आइस्क्रीम फुकट मिळे. गुणपत्रिका हातात घेऊन ऐटीत गल्ल्यापाशी उभे राहिलेले मूल, हे त्या काळच्या दिल्लीचे एक लोभस चित्र आहे. २००६ साली त्या कुटुंबाने हा व्यवसाय दुसऱ्यांच्या हाती दिला. नाव राहिले, मूळ जागेचा गजबजाट राहिला नाही.

मराठी कुटुंबाला मात्र निरूलापेक्षा मद्रास हॉटेल अधिक जवळचे वाटे, आणि त्यात आश्चर्य नाही. माटुंग्याच्या आणि दादरच्या उडुपी उपाहारगृहांत ज्याची जीभ घडली, त्याला दिल्लीच्या पराठ्यांच्या आणि छोल्यांच्या गर्दीत इडली-डोसा म्हणजे माहेरचा निरोप वाटे. खरे तर दक्षिणी पदार्थ त्याचे नव्हते. परंतु परमुलखात शेजारचे गावही आपलेच गाव होते. लोदी हॉटेलात ‘वुडलँड्स’ होते, अँबेसेडर हॉटेलात ‘दासप्रकाश’ होते. तेथे पाहुण्यांना न्यावे, आणि रोजची हौस मद्रास हॉटेलात भागवावी, अशी विभागणी होती. पुढे लोदी हॉटेलची इमारत पाडून त्या जागी नवे श्रीमंती हॉटेल उभे राहिले आणि वुडलँड्सच्या डोशांबरोबर तेथील रविवारही गेले.

ही सारी ठिकाणे गेली कशी? प्रत्येकाची हकीगत निराळी. तरी काही कारणे सामाईक दिसतात. १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना अभय दिले होते आणि कॅनॉट प्लेससारख्या सोन्याच्या जागी स्वस्त कॉफी विकणे त्यामुळेच परवडत होते. जागेचे मोल जसजसे चढले, तसतसे डोशाच्या तव्याखालील फरशी तव्यापेक्षा मौल्यवान ठरली. भागीदारांत वाटण्या झाल्या, मुलांनी दुसरे उद्योग धरले. वस्ती दक्षिण दिल्लीकडे, पुढे गुरुग्राम आणि नोएडाकडे सरकली. ज्याने संध्याकाळी पायी यावयाचे, तो चाळीस किलोमीटरांवर राहावयास गेला. दूरचित्रवाणीने त्याला घरात बसविले. १९३२ पासून उभ्या असलेल्या रीगल चित्रपटगृहाने २०१७ च्या मार्चअखेर शेवटचा खेळ केला आणि खेळ सुटल्यावर उपाहारगृहात शिरणारी गर्दीही इतिहासजमा झाली.

चांदणी चौकातील ‘घंटेवाला’ हे मिठाईचे दुकान १७९० सालापासून चालत आले होते. मोगल बादशाही, १८५७, इंग्रजांचे राज्य आणि फाळणी, इतके सगळे त्याने सोहन हलवा विकीत पाहिले. २०१५ च्या जुलैत ते बंद पडले. गेली कित्येक वर्षे ज्यांनी तेथे पाऊल ठेवले नव्हते, त्यांनीही त्या दिवशी हळहळ व्यक्त केली. २०२४ साली त्याच चौकात ते नाव पुन्हा उजळले, ही आनंदाची गोष्ट. परंतु त्या हळहळीत एक टोचणीही आहे. आपण जात नव्हतो म्हणून दुकान बंद पडले, आणि बंद पडले म्हणून आपल्याला ते आठवले, असे तर झाले नाही? पुण्याच्या डेक्कनवरील ‘लकी’ गेल्यावर पुणेकरांनी असेच उसासे टाकले होते.

आठवणींना एक खोड असते. त्या कडू भाग गाळून ठेवतात. डाव्हिकोच्या पियानोची आठवण काढताना बाहेर उभ्या असलेल्या हिंदी माणसाची आठवण राहत नाही. कॉफी हाउसच्या चर्चांचे गुणगान करताना तेथील टेबलांभोवती स्त्रिया किती थोड्या दिसत, हे कुणी सांगत नाही. पहाटे तंदूर पेटविणाऱ्या आणि रात्री भांडी घासणाऱ्या पोरांची नावे कोणत्याच आठवणीत नाहीत. जुने ते सारे सोने नव्हते. तरीही एक गोष्ट त्या टेबलांनी केली, जी जुन्या समाजाला शतकानुशतके साधली नव्हती. एके काळी महाराष्ट्रात खानावळीच्या दारावर जातीची पाटी असे, रेल्वेच्या फलाटावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी निरनिराळे असे. पंगत जात विचारीत असे. टेबलाने फक्त पैसे विचारले. पेशावरचा शीख, मदुरेचा ब्राह्मण, अलाहाबादचा मुसलमान आणि नागपूरचा महार तरुण एकाच बाकावर बसून एकाच भांड्यातील कॉफी प्याले. ही समता लहान होती, पेला संपेपर्यंतची होती. परंतु तिची सवय माणसाला लागते आणि ती सवय तो बरोबर घरी नेतो. ज्या शहरातील बहुतेक माणसे एकमेकांना परकी होती, त्या शहराला एकत्र बसण्याचा सराव या उपाहारगृहांनी दिला. ती गेली म्हणजे हा सराव देणारी जागा गेली, आणि नुकसान मोजावयाचे तर ते येथे मोजले पाहिजे.

आजच्या दिल्लीत खाण्याची ठिकाणे पूर्वीच्या कितीतरी पट आहेत, आणि जेवण घरपोच आणून देणारी मुलेही दारोदार फिरतात. पोट भरण्याची चिंता नाही. चिंता आहे ती त्या बरसातीतील एकट्या तरुणाची, जो आजही कुठल्या तरी गावाहून दिल्लीस येतच आहे. त्याला चव घरबसल्या मिळते. अर्धा पेला पुढे ठेवून तीन तास बसता येईल, पलीकडच्या अनोळखी माणसाशी वाद घालता येईल आणि तोच माणूस उद्याही तेथेच भेटेल, अशी स्वस्त खुर्ची त्याला कोण देणार? बागा, वाचनालये आणि रस्ते ही शहराची गरज आहे हे सर्वांना पटते. अशा खुर्चीचीही गरज आहे, हे मात्र ती उचलून नेल्यावरच कळते.

मद्रास हॉटेलच्या थांब्यावर नसलेल्या हॉटेलाच्या नावाने इतकी वर्षे माणसे उतरत राहिली ती केवळ सवयीने, असे म्हणता येईल. परंतु शहराची स्मरणशक्ती अशा सवयींतच वस्तीला असते. बस थांबे, माणसे उतरत, चार दिशांना पांगत. त्यांना एकत्र बसविणारे दार तेथे राहिले नव्हते. पूर्वी ते होते, एवढी साक्ष मात्र कंडक्टर आपल्या खड्या आवाजात रोज देत होता.